तव्यामागची खिडकी

अलीकडे

मालन बिडाच्या तव्यावर घावणे घालत होती आणि भिंतीतून माणसं बोलत होती.

"वाळवीनं प्लायवूड पार खाल्लंय गं. हात लावला की भुगा!" हा ल्युसीचा आवाज. चॅपलची झाडलोट, फुलं, मेणबत्त्या, सगळं तीच बघायची.

"आंटी, थांब. मागे काच आहे." ही तिची भाची किम्बर्ली. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात रंगीत काचेचं काम करते. "अख्खी खिडकी आहे! चित्रपण आहे वाटतं. पण काळीठिक्कर. मागून कोणीतरी बंद केलीय."

मालनचा घावणा करपला.

कोणी, ते तिला ठाऊक होतं. सासऱ्यांनी, गुणाजींनी. खोली पुरेना म्हणून चॅपलच्या भिंतीला टेकून त्यांनी हे स्वयंपाकघर काढलं, भिंतीवर पत्रा ठोकला, पत्र्यावर मसाल्याची फळी. पत्र्यामागे काय आहे, हे घरात कधी कुणी विचारलं नाही. जागा चॅपलची होती, म्हणूनच विचारलं नाही. नवरा गेल्यापासून घर चालायचं ते याच तव्यावर, आसपासच्या कारखान्यांना नाश्ता पोचवून.

पलीकडून तिसरा आवाज आला. झेवियर अंकल, चॅपलच्या कमिटीचे. "ते किचन आलं आणि खिडकी मेली. माझ्या बापानं शेवटी आतून प्लायवूड मारलं. किचन पाडलं की ऊन येईल."

किम्बर्ली काहीतरी पुटपुटली.

अलीकडे, अजून

दुपारी मालननं डबे उतरवले. फळी काढली. पत्रा उपटायला आज ना उद्या माणसं येणारच, तर आपल्या घरात काय दडलंय ते आधी आपण बघू. पकडीनं एकेक खिळा ओढला. पत्रा वाकला, किंचाळला, आणि खाली आला.

मागे काजळी. तिनं पदरानं पुसलं. पदर काळा झाला, काच मात्र

निळी.

तेवढ्यात पलीकडे ल्युसी ओरडली. "आयो! लाईट आला! किम, धाव, लाईट आला!"

मालननं वर पाहिलं. या घरात भरदुपारीही ट्यूब लागते. समोर टॉवरच्या पार्किंगची भिंत आहे. तीच ट्यूब. रोजची. तिनं घाबरून बटण दाबलं. अंधार.

"गेला!" पलीकडून.

पुन्हा दाबलं.

"आला गं आला! मालन, तू आहेस का तिकडं?"

आता लपण्यात अर्थ नव्हता. "मीच आहे, ल्युसीबाय."

मध्ये

खिडकी उतरवली. वर्कशॉपात किम्बर्लीनं काचा धुतल्या, जुनं शिसं काढून नव्या पट्ट्यांत बसवल्या. तोवर भिंतीला भोक होतं. भोकातून ल्युसी चहा द्यायची, मालन घावणे. झेवियर अंकल घावणे खायचे आणि किचनबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. मालनला ते जास्त टोचायचं.

"बोला ना काहीतरी," ती एकदा म्हणाली. "पाडायचं तर पाडा."

"अगोदर बसू दे खिडकी," ते म्हणाले. "बघू."

"अंकल, किचन पाडलं तरी मागे पार्किंगचीच भिंत," किम्बर्ली म्हणाली. "ऊन काय लिफ्टनं येणार?"

"बघू म्हटलं ना!"

पलीकडे

खिडकी बसली त्या दिवशी ल्युसीनं मालनच्या हातातलं उलथनं काढून घेतलं. "तू जा. तव्याकडं मी बघते."

मालन चपला काढून चॅपलमध्ये गेली. दिवे बंद होते. मग भिंतीमागे ट्यूब फडफडली, लागली.

विहीर. काठावर दमून बसलेला माणूस. समोर बाई, खांद्यावर कळशी.

"येशू," किम्बर्ली कुजबुजली. "पाणी मागतोय. बाई दुसऱ्या गावची."

मालननं ऐकलं नाही. ती निळ्याकडे बघत होती. एवढा निळा रंग तिच्या मसाल्याच्या डब्यांमागे होता? ती हळद काढायची, तिखट काढायची, आणि वीतभर अंतरावर ही बाई कळशी घेऊन उभी होती? निळं मालनच्या पायांवर सांडलं होतं. तिनं पाय उचलला, तर निळं लादीवर. ठेवला, तर परत पावलावर.

तिकडे ल्युसीनं झाकण काढलं असावं. काचेमागून वाफ वर चढली आणि विहिरीतलं पाणी हललं.

खरंच हललं. किम्बर्लीचा हात तोंडावर गेला. झेवियर अंकल बाकावरून उठले, पुन्हा बसले. ल्युसीची सावली बाईच्या अंगावरून सरकली, तशी कळशी कलल्यासारखी झाली. वाफ विरली, पाणी थांबलं. सगळे वाट बघत राहिले. दुसरा घावणा. झाकण. पाणी पुन्हा हललं.

बऱ्याच वेळानं झेवियर अंकल खाकरले.

"डाव्या कोपऱ्यात अंधार राहतो," ते खिडकीकडे बघतच म्हणाले. "तिथं अजून एक ट्यूब लाव, मालन. आणि ती फळी आता दुसऱ्या भिंतीला मार."

किचन राहणार, हे मालनला कळलं. पण मान वळवून हो म्हणायला तिला वेळ लागला.