साळूबाईच्या पिशवीतला वाडगा

मी पोलादपूरच्या लहानशा ख्रिस्ती प्रार्थनामंदिरातला जुना पितळी वाडगा. मित्रांनो, महाडच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं आणि तेव्हापासून बाप्तिस्म्याचं पाणी धरायचा मान माझा. पाळक माझ्यातलं पाणी ओंजळीत घेत, समोरच्याच्या डोक्यावर सोडत आणि तो माणूस प्रभूचा होई. हे सगळं माझ्यामुळेच होतं, असं मला वाटायचं. खोटं कशाला बोलू?

दर शनिवारी साळूबाई मला चिंच-मीठ लावून घासायची. वीस वर्षं तिने मंदिर झाडलं, एक रविवार चुकवला नाही. आम्हा दोघांनाही आपापल्या सेवेचा ताठा होता, म्हणून आमचं छान जमायचं.

१९९८च्या डिसेंबरात डोंगरावरच्या कुडपण गावाहून निरोप आला. अंथरुणाला खिळलेल्या येसाजीला बाप्तिस्मा हवा होता. हा येसाजी म्हणजे अट्टल दारुडा. एकदा त्याने मंदिराच्या खिडकीवर धोंडा मारला होता आणि काचा वेचताना साळूबाईचा हात कापला होता. पाळक शरदराव लगेच निघाले. मला पिशवीत घालून साळूबाईही निघाली. चढणीवर ती सारखी पुटपुटत होती, की जन्मभर झाडू मी मारायचा आणि शेवटच्या घटकेला येऊन ह्याने स्वर्गात माझ्याच शेजारी बसायचं. तिचा शब्दन् शब्द मला पटत होता.

आम्ही घरी पोचलो तेव्हा येसाजी रात्र काढेल असं कोणालाच वाटत नव्हतं. शरदरावांनी वाडगा मागितला. साळूबाईने पिशवी हळूच पदराखाली घेतली.

"इसरले मी. घरीच ऱ्हायला," ती म्हणाली. "उद्या घेऊन येते."

मला आनंद झाला, मित्रांनो. त्या डोक्याला माझं पाणी लागू नये, असंच मला वाटत होतं.

पण शरदराव थांबले नाहीत. येसाजीची सून आवडी हिला त्यांनी हाताशी असेल ते भांडं आणायला सांगितलं. तिने आणला पोचे पडलेला जर्मलचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, मग. तो पाहून येसाजीने तोंड फिरवलं.

"पाळकसाहेब, यातनंच दारू प्यायलो मी जन्मभर. चांगलं असं काय केलेलं नाय. तरी घेल का तो मला?"

"केलेलं बघून घ्यायचं असतं, तर मलाही घेतलं नसतं," शरदराव म्हणाले. "प्रभूने तारणं म्हणजे तारण, ती मजुरी नव्हे, येसाजीकाका. ते दान आहे. तुम्ही विश्वासाने हात पुढे केलात, तेवढं पुरे."

मगातलं पाणी त्याच्या डोक्यावर पडलं. मी पिशवीत कोरडाच होतो. माझा नुसता जळफळाट झाला. त्या मगातलं पाणी माझ्यातल्या पाण्याइतकंच चाललं होतं.

त्याच रात्री येसाजी गेला. पुढे आवडीने तो मग मंदिराला दिला आणि पाळकांनी तो माझ्या शेजारी मांडला. कित्येक महिने मी त्याच्याशी अबोला धरला. साळूबाईसुद्धा मला घासताना खाली मान घालायची.

ईस्टरच्या आदल्या दिवशी ती मला घेऊन शरदरावांसमोर उभी राहिली.

"वाडगा त्या दिवशी पिशवीतच व्हता. मी लपवला. माझ्या वीस वरसांची काय किंमतच नाय का ओ?"

"ती वीस वर्षं तुमचं प्रेम होतं, साळूबाई," ते म्हणाले. "तारण तर तुम्हाला पहिल्याच दिवशी मिळालं होतं. येसाजीकाकांना मिळालं, तसंच. तेवढं मात्र तुम्ही खरंच विसरलात."

तिने मला फळीवर ठेवलं आणि आधी तो मग राखेने घासायला घेतला.

दुसऱ्या दिवशी तिच्या नातीचा बाप्तिस्मा होता. पाणी भरायला साळूबाईने तो मगच पुढे केला. मी फळीवर रिकामा बसून बघत होतो. जळलो, अजूनही थोडा जळतो. पण इतकी वर्षं मी पाणी नुसतं धरत आलो, ते माझं कधीच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

मित्रांनो, आम्हा भांड्यांना जरूर घासा, लखलखीत ठेवा. पण कोणी ओंजळ पुढे केली, तर आम्हाला पदराखाली लपवू नका.