बाहीला डावं-उजवं नसतं

मी सव्वीस वर्षं कापड बेततोय, आणि एवढ्या वर्षांत कापडाला पाय लावलेला मी खपवून घेतलेला नाही. दुकान माझ्या मोठ्या बहिणीचं. शिलाई तिची, कात्री माझी. खिडकीपाशी माझं कटिंगचं टेबल, ते आल्यापासून बोटभरही हललेलं नाही. तर ताईने पंधरा दिवसांच्या बोलीवर दूर देशाहून आलेली एक बाई कामावर ठेवली. ती बाई खुर्ची बाजूला सारून दाराजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात सरळ जमिनीवर बसली, कापडाचं टोक पायाच्या अंगठ्यात धरून ताणलं आणि हातशिलाई घालायला लागली. माझं डोकंच फिरलं.

"हे काय चाललंय?" मी ताईला विचारलं.

"शिवतायत," ताई म्हणाली. "तुला दिसत नाही का?"

मापं घ्यायला बाईंकडे टेपही नव्हती, गाठी मारलेली एक दोरी होती. ती माणसाच्या खांद्याला लावायची, गाठी बोटांनी चाचपायच्या, मान हलवायची, झालं माप. मी माझी जुनी टेप देऊ केली. त्यांनी ती नीट गुंडाळून मला परत दिली, आणि वर हसल्या. बाई आपली फिरकी घेतेय, असं मी धरून चाललो. दुसऱ्या सोमवारी सकाळीच मी ताईला निक्षून सांगितलं, "शनिवारी यांची मुदत संपते. मग इथे एक तर त्या राहतील, नाही तर मी."

ताईने दातांनी दोरा तोडला. बाईंना आमची भाषा बोलायला अडखळत यायची, पण समजायची सगळी. त्यांनी मान वर केली नाही. त्यांच्या एकटीच्या कामावर घरात आई आणि सासू जगतायत, हे मला ठाऊक होतं. तरी मी बोललो.

त्याच दिवशी बसडेपोच्या गायकवृंदाचे डगले बेतायचे होते. ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक अशी बत्तीस माणसं, आणि कार्यक्रम शुक्रवारी संध्याकाळी. शेवटच्या गाण्याला हे सगळे दोन्ही हात वर करतात, आणि दरवर्षी हातांबरोबर डगलेही वर जातात. गेल्या वर्षी फोरमनची बेंबी पहिल्या रांगेने मन लावून पाहिली. दोष पोटांचा आहे, असं मी सांगत आलो होतो.

या वेळी कापड गर्द निळी मखमल. मखमलीला सुलटी बाजू एकच. म्हणून निम्म्या बाह्या कापड सुलटं ठेवून कापायच्या आणि निम्म्या उलटं ठेवून, तरच डाव्या-उजव्याची जोडी जमते. हे मी झोपेतही चुकत नाही. पण त्या दिवशी माझा एक डोळा बाईंच्या अंगठ्यावर होता. मखमलीला तो अंगठा लागतो की काय, एवढंच मी बघत होतो. मी कात्री खाली ठेवली, तेव्हा ताईने दोन्ही गठ्ठ्यांतली एकेक बाही उचलून एकमेकींशी ताडून पाहिली.

"दोन्ही डाव्याच आहेत रे," ती म्हणाली.

चौसष्टच्या चौसष्ट डाव्या. व्यापाऱ्याला फोन केला, तर त्या रंगाचं कापड संपलेलं. बत्तीस माणसं एका हाताने उघडी गाणार, आणि गाव माझं नाव घेणार.

बाई उठून टेबलाशी आल्या. एक बाही त्यांनी उभी दुमडली, माझी कात्री उचलली आणि मी नको नको म्हणेपर्यंत बाहीचा गोल माथा सपाट कापून टाकला. मग कातरणातून तळहाताएवढा एक चौकोन काढला आणि बगलेच्या जागी धरला.

"आमच्याकडे," त्या शब्द शोधत म्हणाल्या, "बाहीला डावं-उजवं नसतं."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सरळ बाही, डगल्याचं अंगही सरळ, बगलेत चौकोन. कुठल्याही हाताला चालेल. माथा गेल्याने बाही आखूड होणार होती, पण अंगाचं कापड अजून शाबूत होतं. खांदा तेवढा लांब धरला की झालं. "किती?" मी विचारलं. त्यांनी दोरी काढली आणि एका गाठीवर बोट ठेवलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी दुसऱ्याच्या मापाने कापलं. चार दिवस आम्ही तिघांनी मान वर केली नाही. चौकोन बसवायला मीही जमिनीवर बसलो, आणि खरं सांगायचं तर अंगठ्यात धरलेलं कापड तसूभर सरकत नाही.

शुक्रवारी आम्ही तिघं सभागृहात मागे उभे होतो. शेवटचं गाणं आलं. लोक कोपराने एकमेकांना ढोसायला लागले. बत्तीस जणांनी चौसष्ट हात वर केले, अगदी ताणून, बगलेतले चौकोन उघडले, आणि एकही डगला जागचा हलला नाही. फोरमनने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि हात आणखी वर नेले. लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं.

फोरमन व्यासपीठावरूनच म्हणाला, "मास्तर, या वर्षी काय जादू केलीत?"

गप्प बसणं सोपं होतं. "मी चौसष्ट बाह्या डाव्या कापल्या होत्या," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "डगला ह्यांचा आहे." आणि मी बाजूला झालो, ताईही सरकली, तर बाई मागे एकट्या उरल्या. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. त्या लाजल्या नाहीत की वाकल्या नाहीत. त्यांनी त्या बत्तीस जणांसारखेच दोन्ही हात वर केले, आणि टाळ्या पुन्हा सुरू झाल्या.

मला मात्र टाळ्या वाजवताना लाज वाटत होती. माझी चूक झाली नसती, तर या बाईंना मी दुसऱ्या दिवशी घालवलंच असतं.

शनिवारी मी सगळ्यांच्या आधी दुकान उघडलं. माझी टेप टांगायच्या खिळ्याशेजारी बाईंच्या दोरीसाठी दुसरा खिळा ठोकला. ताई आली, तिने खिळा पाहिला, मला पाहिलं.

"आज दोघांपैकी एक जाणार होतं ना?" ती म्हणाली. "मग कोण जातंय?"

"टेबल," मी म्हणालो. "धर तिकडून. खिडकीपाशी त्यांना बसायला जागा हवी."

आम्ही टेबल ओढत होतो तोवर बाई आल्या. त्यांनी तिसरी बाजू धरली.