नऊ सेकंद

सभागृहाच्या उत्तरेकडच्या दाराची कडी गेली एकवीस वर्षं एकाच माणसाच्या हातात होती. त्यामुळे त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. झाडूवाल्यापासून मंत्र्यांपर्यंत सगळे त्यांना कडीकाका म्हणत, आणि त्यांनाही ते मानवलं होतं.

काम ऐकायला सोपं होतं. मतदान पुकारलं की साऱ्या इमारतीत घंटा वाजू लागायची. ती सहा मिनिटं वाजायची. तेवढ्या वेळात खासदारांनी कँटीनमधून, गच्चीवरून, जिथं डुलकी काढत असतील तिथून उठून आत येऊन बसायचं. बाकीची दारं घंटेबरोबरच लागायची, शेवटपर्यंत उघडं राहायचं ते फक्त उत्तरेचं. घंटा थांबली की कडीकाकांनी आत उभं राहून दार ओढायचं, कडी घालायची आणि खड्या आवाजात सांगायचं, "उत्तर दार बंद." मतमोजणी संपेपर्यंत मग पंतप्रधान जरी आले तरी बाहेर. एवढ्या मोठ्या सभागृहात, जिथं माणसं तासन्‌तास बोलून काही सांगत नाहीत, तिथं कडीकाकांच्या वाट्याला तीन शब्द होते आणि त्यांचा त्यांना अभिमान होता.

त्या दिवशी सकाळीच सत्ताधारी पक्षाचे प्रतोद दारापाशी आले. प्रतोद म्हणजे आपल्या पक्षाच्या खासदारांना मतदानाला हाकून आणणारा माणूस. हे गृहस्थ बोलायला इतके गोड होते की कडीकाकांना त्यांच्याशी बोलून झालं की तोंड धुवावंसं वाटायचं.

"काका, तब्येत काय म्हणते?"

"बरी आहे साहेब. काम बोला."

"आज ते कारखान्यांचं विधेयक मतदानाला येतंय. उद्योगमंत्री आमच्या एका खासदाराला घेऊन पुलाच्या उद्घाटनाला गेलेत, येता येता पाच वाजतील. आमच्याकडे एकच डोकं जास्त आहे, एकही माणूस कमी पडून चालणार नाही. तेव्हा घंटा थांबल्यावर दार जरा जड झालं, तर होऊ द्या."

"गेल्याच आठवड्यात बिजागऱ्यांना तेल घातलंय."

प्रतोद हसले. "अकरा वर्षांपूर्वीही घातलं असेल. तरी नऊ सेकंद जड झालंच होतं म्हणे. माझ्या आधीच्या प्रतोदांनी जाताना मला सगळं सांगितलंय." मग त्यांनी आवाज आणखी मऊ केला. "तुमची लेक आमच्या वाचनालयात कंत्राटावर आहे ना? या महिन्यात कंत्राट संपतंय. गुणी मुलगी आहे हो."

ते निघून गेले तरी कडीकाका तिथंच उभे होते. लेकीची काळजी होतीच, पण त्याहून जास्त धास्ती त्या नऊ सेकंदांची होती. ते दुसऱ्या कोणाला माहीत असतील असं त्यांना वाटलंच नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वीही असंच मतदान होतं. घंटा थांबली तेव्हा एक जाडजूड खासदार टाय खांद्यावर टाकून धापा टाकत लॉबीतून येताना दिसला. कडीकाकांना त्याची कीव आली. कोणी दमदाटी केली नव्हती, कोणी काही देऊ केलं नव्हतं, नुसती कीव. त्यांनी दार धरलं. मनगटावरच्या घड्याळात नऊ सेकंद गेले. तो कायदा एका मतानं पास झाला आणि लहान गावांतली सरकारी प्रसूतिगृहं बंद झाली. पुढच्याच वर्षी त्यांच्या थोरल्या बहिणीची मुलगी बाळंतपणाच्या कळा सोसत शहराकडे निघाली आणि वाटेत गाडीतच गेली. कडीकाका बहिणीकडे तेरा दिवस राहिले, पाणी भरलं, माणसांचं चहापाणी केलं. सांगितलं मात्र काही नाही. तेव्हापासून बहिणीनं प्रेमानं पाठीवर हात ठेवला की त्यांना चटका बसायचा.

दुपारच्या सुट्टीत ते तळमजल्यावरच्या वाचनालयात गेले. लेक जुन्या पुस्तकांच्या पाठीवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या डकवत होती. त्यांनी तिच्या समोरच्या स्टुलावर बसून सगळं सांगितलं, प्रतोदांचं आणि अकरा वर्षांपूर्वीचंही. डबा उघडला होता, तो तसाच राहिला.

लेकीनं हातातली चिठ्ठी डकवली. ती वाकडी बसली. तिनं ती काढली आणि पुन्हा नीट डकवली.

"आत्याला माहीत आहे?"

"नाही. तोंडच होत नाही मला."

"आत्याकडची ताई गेली तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसून रडलात, बाबा. मी तुमचे डोळे पुसले होते."

कडीकाकांनी उघडा डबा झाकला. ती पुन्हा बोलली, तेव्हा तिचा आवाज त्यांना त्यांच्या बहिणीसारखा वाटला.

"दाराचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण धरलंत, तर ते माझ्यासाठी धरलं असं मनातसुद्धा म्हणायचं नाही. माझं नाव मध्ये घ्यायचं नाही. अशी नोकरी मला नको."

तिसऱ्या प्रहरी चर्चा रंगात आली. म्हणजे बोलणाऱ्यांच्या मते. विधेयकात एवढंच होतं की कारखान्यात अपघात झाला तर त्याची चौकशी कारखान्याच्याच समितीनं करायची आणि अहवाल कपाटात ठेवायचा. मेलेल्यांच्या घरच्यांनाही तो दाखवायचा नाही. एका खासदारानं याला विश्वासाचं नवं पर्व म्हटलं. दुसऱ्यानं चाळीस मिनिटं भाषण करून आपल्या स्वर्गवासी वडिलांच्या आठवणी सांगितल्या. तिसरा चुकून कालचंच भाषण वाचू लागला आणि दुसऱ्या पानापर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. वर प्रेक्षकांच्या सज्जात बाराएक बायका बसल्या होत्या. बॉयलर फुटून ज्यांची माणसं गेली, त्या या बायका. त्यांना आत सोडताना पहारेकऱ्यानं बजावलं होतं की टाळी नको, हुंदका नको.

मग बाई उठल्या. बाई म्हणजे विरोधी बाकांवरच्या सगळ्यात म्हाताऱ्या खासदार, पूर्वाश्रमीच्या शाळामास्तरीण. गुडघे गेलेले, हातात काठी. वेळ मिळाला होता तीन मिनिटांचा.

"मी पस्तीस वर्षं पेपर तपासले," बाई म्हणाल्या. "आपला पेपर आपणच तपासायची मुभा मी एकाही मुलाला दिली नाही. ती तुम्ही कारखानदारांना देताय. वर आणखी निकालही कपाटात ठेवणार. मी असं केलं असतं तर मुलांच्या आयांनी मला शाळेच्या फाटकात गाठलं असतं. त्या आया आज वर बसल्यात. त्यांच्याकडे बघून मत द्या. आणि बघवत नसेल, तर का बघवत नाही त्याचा विचार करा."

एवढं बोलून त्या बसल्या. एक मिनिट उरलं होतं, ते त्यांनी घेतलं नाही. सज्जात कोणीतरी हुंदका दिला आणि नियम म्हणजे नियम, पहारेकऱ्यांनी साऱ्या बायकांना बाहेर काढलं. बाई काठी टेकत उठल्या आणि त्यांच्यापाशी जाऊन बसल्या, लांब लॉबीच्या पार पलीकडच्या टोकाला.

पाच वाजून चार मिनिटांनी घंटा सुरू झाली.

खासदार आले. कोणी ओठ पुसत, कोणी फोनवर बोलत. चौथ्या मिनिटाला गर्दी ओसरली. पाचव्या मिनिटाला कडीकाकांनी बाहेर डोकावलं, तर लॉबीच्या मध्यावर बाई दिसल्या. एकट्या, काठीवर भार देत, जमेल तेवढं भराभर चालत होत्या. त्याच वेळी खालच्या पोर्चमध्ये गाडीचे दरवाजे धाडधाड लागल्याचा आवाज आला. मंत्री आणि त्यांच्याबरोबरचे खासदार पोचले होते. जिना चढून येईपर्यंत त्यांना अर्धं मिनिट तरी लागणार होतं.

घंटा थांबली.

बाई दारापासून पंधरा-वीस पावलांवर होत्या. त्यांनी वर पाहिलं. कडीकाकांनीही त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा हात मुठीवरून हलेना. या इमारतीत त्यांना मनापासून आवडणारं माणूस कोण असेल, तर या बाई.

प्रतोद त्यांच्या खांद्याशी येऊन उभे राहिले होते. "धरा काका," ते कानाशी म्हणाले. "माझ्यासाठी नको. बाईंसाठी धरा. म्हातारं माणूस आहे."

तेव्हा कडीकाकांना कळलं की या माणसानं त्यांना पुरतं ओळखलंय. एकदा कीव येऊन दार धरणारा माणूस पुन्हा धरेल, हा त्याचा हिशेब होता. बाईंच्या एका मतामागोमाग मंत्र्यांची दोन मतं आत येणार होती, आणि मग ज्याला त्याला दाराचे सेकंद वाटत बसायचं. त्यांना भयंकर राग आला. प्रतोदांचा आला, त्या बिचाऱ्या विधेयकाच्या कागदाचाही आला, आणि सगळ्यात जास्त आपल्या मऊ काळजाचा आला.

त्यांनी बाईंच्या तोंडावर दार ओढून घेतलं. कडी घातली.

"उत्तर दार बंद."

आवाज फुटला, पण पोचला. दाराला काचेची पट्टी होती. तीतून त्यांना दिसलं की बाई थबकल्या, मग तशाच चालत येऊन दाराबाहेर उभ्या राहिल्या. पाठोपाठ त्या खासदाराला घेऊन मंत्री आले, कोटाला उद्घाटनाच्या फितीचा तुकडा अडकलेला, आणि त्यांनी मुठीनं दार बडवायला सुरुवात केली.

"वाजवू नका," बाई त्यांना म्हणाल्या, वर्गात म्हणत असतील तशाच आवाजात. "आत मतदान चाललंय."

मंत्र्यांचा हात खाली आला. देशाचा मंत्री असला तरी कधी ना कधी शाळेत गेलेला होताच.

आत प्रतोदांचा गोडवा संपला होता. "कडी काढ," ते दातांतून म्हणाले. "हुकूम आहे."

"इथं हुकूम सभापतींचा चालतो. ते बसलेत समोर. विचारा त्यांना. मोठ्यानं विचारा साहेब, म्हणजे नोंद होईल."

प्रतोदांनी आजूबाजूला पाहिलं. दोन्ही बाजूंचे खासदार माना वळवून बघत होते. "लेकीचा विचार केलास का?"

"दुपारीच केला. तिच्यासमोर बसून केला."

मतं मोजली गेली. एका बाजूला बाई नव्हत्या, दुसऱ्या बाजूला मंत्री आणि त्यांच्याबरोबरचे खासदार नव्हते. बरोबरी झाली. आता निकाल सभापतींच्या हातात गेला, आणि सारं सभागृह मनातल्या मनात म्हणालं, झालं, संपलं. कारण सभापती सत्ताधाऱ्यांनीच बसवलेले, भिडस्त गृहस्थ. त्यांचा कणा मणक्यांच्या डॉक्टरालाही सापडला नसता. बरोबरी झाली तर खुर्चीनं नवा कायदा करायचा नाही, जुनं आहे तेच राहू द्यायचं, अशी रीत होती खरी. पण रीत कागदावर नव्हती. प्रतोदांनी लगबगीनं एक चिठ्ठी वर पाठवली.

सभापतींनी ती वाचली. मग ते उत्तरेच्या दाराकडे बराच वेळ बघत राहिले. तिथं एक दारवान कडीवर हात ठेवून उभा होता. सभापतींनी चिठ्ठीची घडी केली आणि चष्म्याच्या डबीत ठेवली.

"दारवानानं आपली रीत पाळली," ते म्हणाले. "मीही पाळतो. विधेयक नामंजूर."

गलका झाला. कडीकाकांनी कडी काढली. मंत्री त्यांना धक्का देऊन आत गेले. बाई बाहेरच उभ्या होत्या.

"बाई, माफ करा," कडीकाका म्हणाले. "तुमच्यासाठी जीव तुटत होता."

"घंटा झाली की मीही पेपर ओढून घ्यायचे," बाई म्हणाल्या. "हातापाया पडायची मुलं. घरी जाऊन मलाच जेवण जायचं नाही." त्यांनी काठी डाव्या हातात घेऊन उजव्या हातानं त्यांचा हात धरला. "तुम्ही माझ्यासाठी दार उघडं ठेवलं असतं, तर त्या बायकांना मी काय तोंड दाखवलं असतं?"

साडेसहाला कडीकाकांच्या हातात कागद आला. उद्यापासून तळघरातलं जुन्या फायलींचं कोठार. निवृत्तीला चार महिने होते. मोठ्या जिन्यावर लेक भेटली. हातात कप, खुर्चीवरची उशी आणि खांद्यावर स्वेटर. तिलाही कागद मिळाला होता; महिना संपायचीही वाट कोणी पाहिली नव्हती.

"सूड घ्यायला मात्र यांना उशीर होत नाही," ती म्हणाली.

कडीकाका काहीतरी बोलणार होते. ती त्यांना बोलू देईना. "चला, आत्याकडे जायचंय."

"आज?"

"आजच. दार लावलंत ना? आता तोंड उघडा."

बहिणीचं घर दोन बस बदलून होतं. दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर कडीकाकांनी उशी लेकीच्या हातात दिली, सदरा नीट केला आणि बेल दाबली. बहिणीनं दार उघडलं. दोघांना अवचित बघून तिचा चेहरा फुलला.

"अगंबाई, आज वाट चुकलात की काय? ये ना आत. दारात काय उभा राहिलास परक्यासारखा?"

"आधी इथंच एक सांगतो, ताई," कडीकाका म्हणाले. "मग मला आत घ्यायचं की नाही, ते तू ठरव."

बहिणीचा हात दारावर होता. तो तिनं तिथंच ठेवला.