छापून आलेला पाय

ओपीडीचं दार आठला उघडायचं, पण सातच्या आतच रांग जिना उतरून रस्त्याच्या कडेपर्यंत गेलेली असायची. कुणी कुबडीवर, कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणी मुलीच्या खांद्यावर भार टाकून. प्रत्येकाच्या पायाला काही ना काही गुंडाळलेलं. मधुमेहाने न भरणाऱ्या जखमा घेऊन माणसं लांबलांबून येत होती, कारण अकरा नंबरच्या खोलीत चमत्कार होत होता.

चमत्कार एका चपट्या डबीत होता. तपकिरी रंगाचा, उग्र वासाचा लेप. आणि डबीहून मोठा चमत्कार भिंतीवर होता. वैद्यकाच्या एका नामांकित नियतकालिकात या खोलीच्या डॉक्टरांचा, सगळे ज्यांना सर म्हणत त्यांचा, शोधनिबंध छापून आला होता, त्याचं पहिलं पान तिथे काचेत लावलं होतं. रांगेतल्या बहुतेकांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तरी काचेला बोट लावून माणसं पुढे सरकत, आणि शिपाई दुपारी कुरकुरत ठसे पुसायचा. समोरच्या झेरॉक्सवाल्याने तर त्याच एका पानाच्या प्रती प्लास्टिकमध्ये घालून विकायला ठेवल्या होत्या. पुढची सहा पानं कुणी मागितली नाहीत आणि कुणी दाखवलीही नाहीत.

बरोबर नऊला सर यायचे. पांढराशुभ्र कोट, हळू आवाज.

"मी देव नाही," ते म्हणायचे. "मी विज्ञानाचा एक हमाल आहे. हा लेप गुण देतो असं मी म्हणत नाही. हे छापलंय. छापणाऱ्यांनी तपासलंय. अडतीस जणांना लावला, पस्तीस बरे झाले. मी सांगतो म्हणून नका विश्वास ठेवू, आकडे सांगतात म्हणून ठेवा."

देव नाही म्हणणाऱ्यापुढे माणूस दुप्पट वाकतो. रांगही वाकायची.

सरांच्या शेजारी ड्रेसिंगचा ट्रे घेऊन सिस्टर उभी असायची. एकोणीस वर्षं ती याच खोलीत जखमा धूत होती. ती नवी भरती झाली तेव्हा तिला पुवाच्या वासाने घेरी आली होती आणि सरांनी स्वतः खुर्ची पुढे केली होती. जखमेवर चौकडीचा पारदर्शक कागद ठेवून कड कशी गिरवायची, चौकोन कसे मोजायचे, हे त्यांनीच तिला शिकवलं. "सिस्टर, जे दिसतं तेच लिहायचं. जे दिसावंसं वाटतं ते नाही," असं ते म्हणाले होते. ते वाक्य तिने जपलं होतं. तिच्या निळ्या रजिस्टरात एकही खाडाखोड नव्हती.

शोधनिबंध छापून आला त्या दिवशी सरांनी तिला बोलावून पहिल्या पानावर बोट ठेवलं. लेखकांच्या यादीत तिसरं नाव तिचं होतं. तिला खरंच वाटेना. सर म्हणाले, जखमा तुम्ही धुतल्या, मग नाव दुसऱ्या कुणाचं घालू? सिस्टर बाथरूममध्ये जाऊन रडली, तोंड धुतलं आणि पुन्हा कामाला लागली. ते पान ती घरी घेऊन गेली.

घरी म्हणजे मामाकडे. आईच्या माघारी मामानेच तिला वाढवलं होतं. मामा शिंपी. पायाने मशीन चालवून त्याने तिचं नर्सिंगचं शिक्षण पुरं केलं होतं. आता येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माप घेण्याआधी ते पान बघावं लागायचं. भाचीचं नाव कुठे आहे ते मामा टेपच्या टोकाने दाखवायचा.

मामाच्या उजव्या तळपायालाही जखम होती. दुसऱ्या एका डॉक्टरांचे उपचार चालू होते: रोज साफ करायची, पाय जमिनीला टेकवायचा नाही, इंजेक्शन चुकवायचं नाही. वेळखाऊ काम. मामाने ते सोडलं आणि एके दिवशी न सांगताच अकरा नंबरच्या रांगेत येऊन उभा राहिला. सिस्टरला क्षणभर वाटलं, परत पाठवावं. पण मामा सगळ्या रांगेला सांगत होता, आतली सिस्टर माझी भाची, तिचंच नाव छापलंय. तिने स्वतःच्या हाताने लेप लावला.

नवव्या दिवशी जखमेची कड काळी पडली. सर वाकून बघून म्हणाले, लेप विष वर खेचतोय, चांगली खूण आहे. बाराव्या दिवशी वास सुटला. सर म्हणाले, हे विष निघताना असंच होतं. चांगलं झालं तर लेपाचा गुण, वाईट झालं तर विषाचा दोष. दोन्हीकडून ढोल वाजणारच, अशी ती सोय. सिस्टरला हे पटत नव्हतं, पण एकोणीस वर्षांचा विश्वास बारा दिवसांत सुटत नाही. पंधराव्या दिवशी मामा तापाने बरळायला लागला, तेव्हा मात्र तिने कुणाला न विचारता त्याला मागच्या इमारतीत, सर्जनबाईंकडे नेलं.

मामाचं अर्धं पाऊल काढावं लागलं.

ऑपरेशननंतर सर्जनबाई हातमोजे काढत बाहेर आल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "लेपवालेच ना? तुमच्याकडून येणारे थांबतच नाहीत."

सिस्टर म्हणाली की असं कसं होईल, न बरे झालेले तर तीनच होते. सर्जनबाईंनी आपली ऑपरेशनची वही तिच्यापुढे सरकवली. त्यात दोन वर्षांपूर्वीची नावं होती, म्हणजे शोधनिबंधासाठी लेप लावत होते तेव्हाची. सिस्टर एकेक नाव वाचत गेली. सगळी ओळखीची. तिच्याकडे यायचे बंद झाले की ती समजायची, बरे होऊन घरी गेले. घरी गेले नव्हते. दोन जिने उतरून, अंगण ओलांडून या इमारतीत आले होते. एकोणीस वर्षांत ते अंगण ओलांडून बघायला ती कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी निळं रजिस्टर पिशवीत घालून ती कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. ग्रंथपाल निवृत्तीला आलेले, तिरकस बोलणारे गृहस्थ होते. तिने शोधनिबंध पूर्ण मागितला तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, वर्ष झालं, पहिल्या पानाला गर्दी आहे, सातही पानं मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच. मग शेजारी बसून त्यांनी तिला ओळ न ओळ अर्थ सांगितला.

अडतीस रुग्ण, असं छापलं होतं. सिस्टरने रजिस्टर उघडलं. त्या काळात लेप लावायला सुरुवात केलेले एकसष्ट होते. तेवीस जण छापताना गळाले होते, आणि त्यातली नऊ नावं सर्जनबाईंच्या वहीत होती. ज्यांचं बिघडलं त्यांना यादीतूनच काढायचं, म्हणजे उरलेले बरे झालेलेच दिसतात. जादूची कांडीही लागत नाही या हातचलाखीला, नुसतं खोडरबर पुरतं.

ग्रंथपालांनी विचारलं, लेप न लावता नुसती रोज साफसफाई केलेले रुग्ण किती होते? एकही नव्हता.

"मग जे बरे झाले ते लेपाने की तुमच्या धुण्याने, हे ठरवणार कसं?" ते म्हणाले. "लहान जखम रोज साफ ठेवली तर पुष्कळदा भरते. वर लेप लावला काय, जॅम लावला काय."

चौथ्या पानावर फोटो होते. डावीकडे सडलेला उजवा पाय, उजवीकडे तोच पाय म्हणून स्वच्छ, भरलेला. सिस्टर तो फोटो बघतच राहिली. हा टपालवाला, त्या एकसष्टांतलाच एक. पायी फिरून फिरून पडलेली जखम. पण भरलेल्या पायाच्या घोट्यावर नाण्याएवढा भाजल्याचा डाग होता, आणि तो डाग टपालवाल्याच्या डाव्या पायावर होता. लहानपणी उकळतं पाणी सांडलेलं; पट्टी बांधताना त्यानेच सांगितलं होतं. पहिल्या दिवशी दोन्ही पायांचे फोटो काढायची सरांची पद्धत होती.

ग्रंथपालांनी ते पान उचलून, मागची बाजू पुढे करून खिडकीच्या काचेवर धरलं. मागून उजेड आला आणि छापलेला उजवा पाय सरळ सरळ डावा दिसला. आधीपासूनच धडधाकट असलेला पाय आरशासारखा फिरवून "बरा झालेला" म्हणून छापला होता. टपालवाल्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापल्याची नोंद सर्जनबाईंच्या वहीत होती; छापताना मात्र तो बऱ्या झालेल्या पस्तिसांत मोजला होता.

शेवटच्या पानावर दोन ओळी होत्या. लेखकांचा या औषधात कोणताही हितसंबंध नाही, ही एक. डबीवर कारखान्याचं नाव होतं आणि कारखाना सरांच्या मेव्हण्याचा आहे हे शिपायालासुद्धा ठाऊक होतं. दुसरी ओळ अशी: सर्व लेखकांनी मूळ नोंदी पाहिल्या असून सर्वजण या मजकुराची जबाबदारी घेतात.

"मी काहीच पाहिलं नव्हतं," सिस्टर म्हणाली. "मला वाटलं, नाव म्हणजे कौतुक."

"सगळ्यांना तसंच वाटतं. लेखकाचं नाव म्हणजे मानपत्र नव्हे, सिस्टर. ती साक्ष असते. कोर्टात जशी देतात तशी."

सिस्टर सरळ सरांच्या खोलीत गेली. रजिस्टर आणि चौथं पान टेबलावर ठेवलं. सरांनी पानाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि बसायला सांगितलं. ती बसली नाही. ते समजुतीच्या सुरात बोलू लागले. छापायचं तर थोडं नीटनेटकं करावंच लागतं. मधेच सोडून गेलेले कुठे मोजत बसायचे? लेप चांगलाच आहे, पुढे सिद्ध होईलच, आपण फक्त जरा आधी सांगितलं. तिने विचारलं, टपालवाल्याचा पाय? सरांनी एक कागद काढून तिच्यापुढे धरला. लेखकांचं प्रतिज्ञापत्र. तिसऱ्या जागी तिच्या नावाची सही होती. सुरेख, वळणदार. तिची नव्हती.

"तुम्ही घाईत होतात, म्हणून मीच केली," सर म्हणाले. "आता बाहेर बोललात तर आधी तुम्हीच अडकाल. लेखिका आहात तुम्ही."

शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी तिला दिलेलं एकुलतं एक मोठेपण बेडी घालायला दिलं होतं, हे तिला त्या वाक्यात कळलं. ज्याने चौकोन मोजायला शिकवलं, त्यानेच माणसं मोजायची सोडली होती. आणि ती मान खाली घालून कागदावर कड गिरवत राहिली होती. ती एकच बोलली.

"खोटं बोलायला तुम्हाला माझ्या रजिस्टराचा खरेपणा हवा होता, सर."

वॉर्डात मामा शुद्धीवर होता. तिने पलंगाशी बसून त्याला सगळं सांगितलं, स्वतःचा भागही वगळला नाही. मामा छताकडे बघत ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "नाव तुझं होतं गं." बस, एवढंच. त्यानंतर दोन आठवडे तो तिच्याशी बोलला नाही. तिने डबा आणायचा, त्याने खायचा, तिने भांडी न्यायची.

तिने नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. भाषा ग्रंथपालांनी तपासली, पण मजकूर तिचा होता. रजिस्टराच्या पानांच्या प्रती जोडल्या, फोटो कसा फिरवला ते लिहिलं, सही आपली नाही हेही लिहिलं. आणि शेवटी लिहिलं की नाव छापलेलं पाहून मी विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही, तेवढा दोष माझा.

संपादकांनी सरांकडे मूळ नोंदी मागितल्या. सर म्हणाले, पाण्याने भिजल्या. कॉलेजने चौकशी समिती नेमली. समितीपुढे सर्जनबाई आपली वही घेऊन आल्या आणि टपालवाला कुबड्या घेऊन आला. त्याने डाव्या पायाचा मोजा काढून घोट्यावरचा डाग दाखवला आणि आपला फोटो कुणी, कुणाला विचारून छापला, असं अगदी शांतपणे विचारलं. सहा महिन्यांनी शोधनिबंध मागे घेतल्याचं नियतकालिकाने जाहीर केलं. सर रजेवर गेले. सिस्टरलाही ताकीद मिळाली. ती तिने वाद न घालता घेतली.

चमत्कार मात्र छापला जातो झटकन आणि पुसला जातो सावकाश. खोली बंद झाली तरी माणसं यायची थांबली नाहीत. एका सोमवारी सकाळी तीसेक जण जिन्यात उभे होते, लेप द्या म्हणून अडून बसलेले. शिपाई हतबल झाला होता. सिस्टर पायरीवर उभी राहिली आणि तिने सांगायला सुरुवात केली: लेपाने काही होत नाही, रोज जखम साफ करून घ्या, पायावर भार देऊ नका, औषध चुकवू नका, मागच्या इमारतीत दाखवा.

रांगेतली एक बाई पुढे आली. तिच्या नवऱ्याचा पाय फडक्यात गुंडाळलेला होता.

"बाई, तेव्हा लेप तुम्हीच लावत होतात. छापून आलंय म्हणून आम्ही आलो. आता म्हणता तेही खोटं. मग तुमचं तरी का ऐकायचं?"

सिस्टरला राग आला नाही. हा प्रश्न तिने स्वतः तेव्हाच विचारला असता तर, एवढंच तिच्या मनात आलं.

"नका ऐकू," ती म्हणाली. "मी सांगते म्हणून नको, कोट घातलाय म्हणून नको, छापलंय म्हणूनही नको. कुणीही असं औषध पुढे केलं की विचारा, किती जणांना दिलंत? सगळे मोजलेत का? न देता किती बरे झाले? यात तुमचा काय फायदा? खरं असेल तर सांगणारा रागावणार नाही. रागावला तर पाय उचला आणि घरी जा."

बाईने थोडा विचार केला.

"बरं. तुम्ही किती जणांना लावलात?"

"छापून आलं त्यासाठी लावला ते एकसष्ट."

"आणि बरे किती झाले?"

"चौतीस. बहुतेकांच्या जखमा लहान होत्या."

"मग बाकीचे सत्तावीस?"

सिस्टरने पिशवीतून रजिस्टर काढलं, पायरीवर बसली आणि पहिल्यापासून एकेकाचं सांगायला लागली. दहा जणांच्या बोटांवर किंवा पायांवर सर्जनबाईंची सुरी फिरली होती, त्यातले दोघे वाचले नव्हते. तिघांची जखम तशीच राहिली होती. चौदा जण कुठे गेले, हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. ती नाव घेऊन सांगत होती, पायऱ्यांवरची माणसं खाली बसून ऐकत होती. बाराव्या नावाला ती बाई उठली, नवऱ्याच्या काखेत हात घातला आणि अंगण ओलांडून मागच्या इमारतीकडे निघाली.