तेरवीचा फ्लेक्स

चित्रकला शिकवण्यात नीलकंठ सरांची हयात गेली. चित्रात नजर आधी कुठं जावी हे काढणाऱ्यानं ठरवायचं आणि बाकी सगळ्यानं तिथं नमतं घ्यायचं, हे त्यांनी पोरांच्या डोक्यात अक्षरशः कुटून भरलं होतं. म्हणूनच बायको गेली तेव्हा तिच्या तेरवीच्या फ्लेक्सचं चित्र त्यांनी स्वतः काढलं. मधोमध कुंदाचा हसरा चेहरा, खाली नाव, भोवती नुसता पांढरा रंग. तो कागद त्यांनी गोहलपुरात फ्लेक्स छापणाऱ्या अवंतिकाला नेऊन दिला. ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी.

तेरवीच्या सकाळी अधारतालच्या चौकात फ्लेक्स लागला आणि सर बघतच राहिले. मधोमध त्यांचा मुलगा अतुल हात जोडून उभा, पुरुषभर उंच. शेजारी त्याच्या पक्षाचे पुढारी ओळीनं. पांढरी जागा औषधालाही नव्हती. कुंदा वरच्या कोपऱ्यात, बटणाएवढी.

सरांचं टाळकंच सरकलं. तिथूनच त्यांनी अवंतिकाला फोन लावला.

"काहून केलंस असं? हेच शिकवलं होतं का मी तुला?"

"सर, मी अतुल भैयाला तुमचा कागद दाखवला," ती चाचरत म्हणाली. "ते म्हणाले, नजर आधी महत्त्वाच्या माणसाकडे गेली पाहिजे, हे बाबाच शिकवतात ना? मग तसंच कर. इलेक्शन मला लढायचं आहे, आईला नाही."

सरांनी फोन बंद केला आणि कुंदाला बघायला मान वर केली. नजर त्यांचीही आधी अतुलवरच गेली.