तळाला गेलेलं नाणं

मित्रांनो, मी एक जुना डीप फ्रीजर आहे. माझ्यात आइस्क्रीम शोधायला येऊ नका. दिल्लीतल्या एका संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत मी उभा आहे आणि माझ्या पोटात विषाणू ठेवलेले असतात. उणे ऐंशी अंशांच्या थंडीत ते वर्षानुवर्षं टिकतात. ती थंडी सांभाळणं एवढंच माझं काम, आणि त्याचा मला थोडा गर्वही होता.

मी इथे आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो. डॉ. कुमुद यांनी माझ्या दारावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि सगळ्यांना पेढे वाटले. बाई मूळच्या नागपूरच्या. तान्ह्या बाळांना धाप लावणाऱ्या एका विषाणूच्या मागे त्यांनी उमेदीची सारी वर्षं घातली. दर हिवाळ्यात त्या गाझियाबादच्या रुग्णालयात जात, आजारी बाळांच्या नाकातला नमुना घेत आणि बर्फाच्या पेटीतून माझ्याकडे आणत. हा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून त्यांना सगळ्या वर्षांचे नमुने हवे होते. त्यांच्या गटाने केलेली लस जुन्या-नव्या साऱ्या रूपांना आवरते का, हे निवृत्तीआधी तपासायचं होतं.

बाईंची एक सवय होती. एका डबीत पाणी गोठवून त्यावर त्या रुपयाचं नाणं ठेवत आणि डबी माझ्या आत सरकवत. मी मधेच वितळलो तर नाणं बुडणार, आणि पुन्हा गोठलो तरी ते तळालाच राहणार. मला त्या डबीचा राग यायचा. माझ्यावर एवढाही विश्वास नाही?

म्हातारपणी मी कुरकुर करू लागलो. दार जरा उघडं राहिलं की भोंगा वाजवायचो आणि लोक वैतागून बटण दाबायचे. भोंग्याची बॅटरी संपली तेव्हा सगळ्यांना हायसंच वाटलं. ती बदलायची राहूनच गेली.

मग दिवाळी आली. बाहेर धूर कोंडला होता आणि बाई सारख्या खोकत होत्या. त्यांची सहकारी अक्षता हिने मायेने त्यांच्या टेबलाजवळ हवा शुद्ध करणारं यंत्र आणून लावलं. त्यासाठी प्रिंटरचा समजून तिने माझाच प्लग काढला. मग सगळे सुटीवर गेले. बाई भाऊबीजेला नागपूरला गेल्या. मला ओरडायचं होतं, पण आवाजच नव्हता. एकेक कप्पा ओला होत गेला. इतका असहाय मी कधीच नव्हतो.

सुटीनंतर अक्षता आधी आली. फरशीवरचं पाणी पाहून तिचा चेहरा उतरला. तिने घाईघाईने प्लग लावला, फरशी पुसली आणि गप्प राहिली. बाई परतल्या तेव्हा माझ्या कपाळावर पुन्हा उणे ऐंशीचा आकडा होता. त्यांनी डबी काढली. नाणं तळाला होतं.

अक्षता रडत रडत सगळं बोलून गेली. मग म्हणाली, "पण मॅम, रीडिंग तर बिल्कुल नॉर्मल आहे. तुमचं पूर्ण करिअर आहे यात. एकदा टेस्ट करून बघूया ना?"

"आणि काय दिसेल?" बाई म्हणाल्या. "विषाणू मेलेला असेल तर तो वाढणारच नाही. सगळे म्हणतील, लसीने थांबवला. उद्या ती लस कुणाच्या तरी बाळाला टोचतील, अक्षता."

त्यांनी सगळे नमुने बाद केले. त्या दिवशी त्या अक्षताशी एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाईट वाटलं, दोघींचंही. दुसऱ्या दिवशी बाईच म्हणाल्या, "चलो, पेटी घे. गाझियाबादला जायचंय." त्या हिवाळ्याचे नमुने मिळाले. पण आधीची बाळं आता शाळेत जातात. त्यांच्या वेळचा विषाणू पुन्हा कुठून आणणार? मार्चमध्ये बाई निवृत्त होऊन नागपूरला परतल्या. काम अर्धंच राहिलं.

मित्रांनो, ज्याच्यावर भिस्त ठेवता, त्याच्या कपाळावरचा आकडा तेवढा बघू नका. त्याची कुरकुरही ऐका, आणि तो गप्प झाला तर आधी काळजी करा.

आता माझ्या भोंग्यात नवी बॅटरी आहे. घरी जाताना अक्षता माझा प्लग हाताने चाचपून बघते. सोमवारी डबी काढते आणि नागपूरला फोन लावते. परवाही लावला.

"मॅम, नाणं वरच आहे."

पलीकडून बाई म्हणाल्या, "अच्छा. दार लाव आता, त्याला त्रास होतो."