कोबीवरचं तीर्थ

दर्पण कॉलनीतल्या मंदाताईंच्या परसात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. कालपर्यंत कोबीवर मावा किडीचा चिकट थर होता. संध्याकाळी भभूतीबाबांनी तीर्थ शिंपडलं, काहीबाही पुटपुटले, आणि आज सगळा मावा मरून पडलेला! "देखा? न दवाई, न ज़हर, सिर्फ़ शक्ति!" बाबा छाती फुगवून सांगत होते. "कीड़े की आत्मा को मुक्ति दी है मैंने!" माव्याच्या आत्म्यासाठी बायकांनी भक्तिभावानं हात जोडले. आता काय बोलावं!

मंदाताई तर आनंदानं रडतच होत्या. लेक स्मृती पाचव्या महिन्यात माहेरी आली होती. याआधी दोनदा पोटातलं मूल गेलेलं. या वेळी औषध मारलेलं पानसुद्धा तिच्या पोटात जाऊ द्यायचं नाही, म्हणून ताईंनी ही बाग स्वतः खणली होती. कोबीला मावा लागला आणि त्यांचा धीरच सुटला. शेजारच्या शरयूताई, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, सारख्या सांगत होत्या, "अगं, साबणाचं पाणी मार, निंबोळी अर्क मार. हे ठिपक्याठिपक्यांचे ढालकिडे आलेत ना, तेच मावा खातील. जरा दम धर." पण दम धरायला मंदाताईंकडे जीव उरला होता कुठे? त्यांनी बाबांना बोलावलं.

आज शरयूताई गर्दीत घुसल्या त्या हात पुढे करून. तळहातावर मेलेले ढालकिडे आणि मधमाश्या.

"बाबा, यांनाही मुक्ती दिलीत?"

"सब प्रभु की लीला, माताजी."

"असं? मग हे तीर्थ आधी तुम्ही घ्या बघू."

बाबांचा चेहरा उतरला. "ये... ये तो पौधों का तीर्थ है."

"पिता न येणारं तीर्थ कुणी पाहिलंय का हो?" शरयूताईंनी कमंडलू हुंगला. वर केवड्याचा घमघमाट, खाली उग्र दर्प. लोकांनी झोळी उपडी केली, तर कीटकनाशकाची बाटली!

मंदाताईंनी शरयूताईंचा दंड धरला. "शरयूताई, मघाशी मी स्मृतीला याच कोबीची कोशिंबीर दिली. कच्ची."

"धुतला होतास ना कोबी?"

"तीर्थ कुणी धुऊन टाकतं का हो?"

आत स्मृती ओकत होती.

बाटली बरोबर नेली म्हणून इस्पितळात नेमकं विष कळलं आणि उपचार लगेच सुरू झाले. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आल्या. "मुलगी सावरेल. बाळाचे ठोके ऐकू येतायत, पण त्याचं आज काही सांगता येणार नाही."

भेटायला आलेली एक शेजारीण कुजबुजली, "बाबांचा शाप तर नाही ना लागला?"

मंदाताई ताडकन उठल्या. "शाप नाही गं, विष! विष म्हणून दिलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं. देवाचं म्हणून दिलं, आणि मी माझ्या हातानं लेकीला भरवलं. उद्या कुणी चमत्कार दाखवला ना, तर हात जोडायच्या आधी तोंड उघडा. विचारा, यात काय घातलंय? एवढंच विचारायचं होतं गं मला. एवढंच."